लादी पाव: पहिला ट्रे हलका, पाचवा बसका. ओटीजी एकच, ऑर्डर ४५ पावांची

पिठाचे_हात (घोडबंदर रोड, ठाणे)

शनिवार सकाळच्या घरगुती ऑर्डरसाठी प्रश्न आहे. कृती आधी देते, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १० ग्रॅम, साखर ३०, मीठ ९, दूध पावडर २०, बटर ३०, कोमट पाणी ३२०. ४५ पावांसाठी हे सगळं अडीचपट, एकदमच मळून. तासभर फुगवायचं, ५० ग्रॅमचे उंडे करायचे, ८ इंची चौकोनी ट्रेमध्ये नऊ-नऊ लावायचे. पाच ट्रे होतात. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) ३० लिटरचा, एका वेळी एकच ट्रे मावतो. १९० वर २० मिनिटं.

अडचणी अशा:

१. पहिले दोन ट्रे छान. तिसऱ्यापासून पाव वरून फिका राहतो, बाजू आत ओढल्या जातात, पाचव्याला तर दारूसारखा वास.
२. दुसऱ्या दिवशी पावाचा भुगा होतो.
३. गव्हाचा ब्रेड म्हणजे वीट.
४. मिल्क ब्रेडला तिसऱ्या दिवशी पिकून गेलेल्या अननसासारखा वास येतो, आतून चिकट. बुरशी मात्र कुठेच दिसत नाही.

स्वयंपाकघरात सध्या ३० अंश आहे. एसी नाही.

---

भट्टी_वाशी

कृतीत फारशी चूक नाही. चूक कोमट पाण्यात आणि वेळापत्रकात आहे. 'कोमट पाणी घ्या' हे वाक्य थंड मुलखातल्या पाककृतींमधून आलंय. आपल्याकडे जानेवारीतले चार दिवस सोडले तर त्याची गरज पडत नाही.

हिशोब बघा. पीठ ३०, खोली ३०, पाणी ४०. हाताने मळताना साधारण ३ अंश वाढतात. बेरीज १०३, भागिले ३, म्हणजे मळून होताहोताच पीठ ३४ अंशांवर. पावाला हवं २६. शिवाय यीस्ट मैद्याच्या २ टक्के. असं पीठ अर्ध्या तासातच चढतं आणि तुम्ही तासभर ठेवताय. वर पाचवा ट्रे आणखी दोन तास रांगेत. तोवर यीस्टने साखर खाऊन संपवलेली असते, म्हणून रंग येत नाही. ग्लुटेनची (पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनांची) जाळी ताणून थकलेली असते, म्हणून पाव बसतो. दारूचा वास खरोखर अल्कोहोलचाच.

उलटा हिशोब करून पाण्याचं तापमान काढायचं: २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून पीठ ३०, खोली ३०, मळण्याचे ३ वजा करा. उरले १५. म्हणजे फ्रिजमधलं पाणी आणि थोडं माठातलं. स्टँड मिक्सर असेल तर घर्षणाचे १० ते १२ धरा, पाणी ६ ते ८ अंशांवर येतं, सरळ बर्फ घाला. (बर्फाचं वजन पाण्यातच मोजायचं, वेगळं नाही.) टोचायचा थर्मामीटर घ्याच. त्याच्याशिवाय हे सगळं अंदाजपंचे.

आता पाच ट्रे आणि एक ओटीजी. सगळं पीठ एकाच वेळी तयार होऊन चालणारच नाही, ते टप्प्याटप्प्याने तयार व्हायला हवं. माझ्या मते सरळ मार्ग असा:

शुक्रवारी रात्री ९ ला मळा. १२५० ग्रॅम मैद्याला यीस्ट फक्त १० ग्रॅम. सध्या तुम्ही २५ घालताय. बटर पहिल्यापासून नको. पाच-सहा मिनिटं मळून पीठ गुळगुळीत व्हायला लागलं की मग घाला. चिमूटभर पीठ बोटांवर ताणलं की पलीकडचा उजेड दिसेल इतका पडदा निघायला हवा.

मग २० मिनिटं बाहेर आणि नंतर फ्रिजमध्ये. पण सव्वादोन किलोचा एकच गोळा ठेवू नका. त्याचा मधला भाग थंड व्हायला चार-पाच तास लागतात, तोवर आत पीठ चढतच राहतं. पाच सारखे भाग करा, प्रत्येक साधारण ४५० ग्रॅमचा. तेलाचा हात लावून झिपच्या पिशवीत, पोळीसारखे चपटे, बोटभर जाडीचे करून मागच्या कप्प्यात. दारात नको, दार उघडझाक झालं की तिथलं तापमान सहज ८-१० ला जातं.

शनिवारी:

५.३० ला पहिली पिशवी काढा, नऊ उंडे, ट्रेमध्ये.
५.५५ दुसरी, ६.२० तिसरी, ६.४५ चौथी, ७.१० पाचवी.
६.४० ला ओटीजी तापत ठेवा, दोन्ही रॉड चालू, २०० वर.
पहिला ट्रे ७ ला आत, पुढचे दर २५ मिनिटांनी. पाचवा ९ ला बाहेर.

प्रत्येक ट्रेला दीड तास मिळतो. थंड पिठाला तेवढा लागतोच. पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. उंडे एकमेकांना टेकले, ट्रेच्या काठाला अर्धा इंच बाकी आहे, पिठात बुडवलेलं बोट हलकं दाबलं आणि खड्डा सावकाश अर्धाच भरून आला, की आत. पटकन भरला तर अजून दहा मिनिटं. भरलाच नाही तर उशीर झालाय, तरीही लगेच आत टाका, वाट बघून सुधारणार नाही. फ्रिजचा मार्ग नको असेल तर दोन वेगवेगळ्या मळण्या एका तासाच्या अंतराने करा, पण पहाटेची झोप गेलीच म्हणून समजा.

बाजू आत ओढल्या जातात त्याला आणखी एक कारण आहे. पाव ट्रेमध्येच ठेवून गार करत असाल तर वाफ भिंतीत जिरते आणि भिंत मऊ पडून आत वाकते. बाहेर काढल्यावर ट्रे ओट्यावर एकदा हलका आपटा, पाच मिनिटांत लादी जाळीवर. मधल्या पावाच्या पोटात ९३ ते ९५ अंश भरले का बघा. कडेचा पाव आधी होतो, त्याच्यावर जाऊ नका.

---

ऐरोलीकर_७

एवढं कशाला? ब्रेड इम्प्रूव्हर घाला, बाजारात किलोने मिळतो. पाचवा ट्रेही उभा राहतो.

---

भट्टी_वाशी

चांगल्या इम्प्रूव्हरमध्ये एन्झाइम आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड असतं, त्याला ना नाही. पण सुटा, लेबल नसलेला घेऊ नका. पाव जास्त फुगावा म्हणून पूर्वी घालत त्या पोटॅशियम ब्रोमेटवर आपल्याकडे २०१६ पासून बंदी आहे आणि बिनलेबलच्या पुडीत काय आहे ते तुम्हाला कळणार नाही. शिवाय 'घरगुती' म्हणून विकायचं आणि घालायचं तेच, हे गिऱ्हाइकाला सांगणार का? मैदा कमजोर वाटत असेल तर ५०० ग्रॅमला १० ग्रॅम ग्लुटेन पावडर आणि १५ मिली जास्त पाणी. आपल्या साध्या मैद्यात प्रथिनं ९ ते ११ टक्क्यांच्या घरात असतात, एवढ्याने फरक कळतो. ३४ अंशांवर दोन तास उभं राहिलेलं पीठ मात्र कुठलीच पावडर सावरत नाही.

---

रव्याची_चाळणी (नेरुळ)

चौथी अडचण सगळ्यात गंभीर आहे आणि ती खाली राहिली. त्याला रोप (इंग्रजीतला 'rope', म्हणजे दोर) म्हणतात. उतरलेल्या भाजीला तार सुटते ना, तसंच. ब्रेडचा मधला भाग दोन बोटांत दाबून हळूच ओढा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आले तर खात्री समजा. पिठातल्या बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू भट्टीतूनही जिवंत निघतात. ब्रेडचं पोट शंभर अंशांच्या वर जात नाही, तेवढ्याने ते मरत नाहीत. मग गरम, दमट, सावकाश गार होणारा ब्रेड मिळाला की वाढतात. ठाण्या-नवी मुंबईचा एप्रिल ते ऑक्टोबर त्यांच्यासाठीच केलेला. असा ब्रेड खायचा नाही, भाजूनही नाही. त्याच पिठाचा ब्रेड ज्यांना दिलाय त्यांना कळवा.

काय करायचं: दर ५०० ग्रॅम मैद्याला दोन छोटे चमचे पांढरं व्हिनेगर पाण्यात घाला, चव येत नाही. मळायची परात, ओटा, टिन, सुरी साबणाने धुऊन व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. सुरी आणि जाळी विसरू नका, बहुतेक वेळा तिथूनच पुढच्या ब्रेडला जातं. उघडं राहिलेलं जुनं पीठ टाकून द्या, डबा उन्हात वाळवा.

आणि गार करणं. ४०० ग्रॅमचा ब्रेड कापायला आणि पिशवीत भरायला किमान अडीच तास जाऊ द्या, पावाच्या लादीला एक-सव्वा तास. तळाला हात लावला तर ऊब जाणवता कामा नये. कोमट ब्रेड पिशवीत गेला की आतून दव धरतं, मग बुरशी नाहीतर हे. ऑर्डर १० ची असेल तर मिल्क ब्रेड सकाळी भाजून वेळेत होत नाही. तो आदल्या संध्याकाळी भाजून रात्रभर जाळीवर, वर स्वच्छ पंचा टाकून ठेवा आणि सकाळी कापा. तसा कापही सरळ येतो.

दुसऱ्या अडचणीचं: गिऱ्हाईक पाव फ्रिजमध्ये ठेवतंय का ते विचारा. ठाण्यात मुंग्यांच्या भीतीने सगळे ठेवतात. स्टार्च कडक होण्याचा वेग फ्रिजच्या तापमानालाच सर्वांत जास्त असतो, म्हणून बाहेरच्यापेक्षा फ्रिजमधला पाव लवकर भुसभुशीत होतो. एक दिवस डब्यात बाहेर, जास्त ठेवायचा तर फ्रीजरमध्ये, आणि खाताना थेट तव्यावर. पिशवीवर हे छापाच.

तुमच्या बाजूने पिठाची खीर घाला: ५०० पैकी २५ ग्रॅम मैदा आणि ३२० पैकी १२५ मिली पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, चमच्याची रेघ पातेल्यात उमटली की बंद. साधारण ६५ अंश. पूर्ण गार करून मळताना घाला आणि एकूण पाणी १५ मिलीने वाढवा. मऊपणा दीड दिवस जास्त टिकतो.

पावसाळ्यात मात्र मैदा आधीच दमट असतो. तेव्हा पाणी सगळं ओतू नका, २० मिली बाजूला ठेवा, लागलं तरच.

---

जात्यावरचं (ठाणे पूर्व)

गव्हाच्या विटेबद्दल. चक्कीचं पीठ मैद्याच्या प्रमाणात मळलंत तर वीट होणारच. कोंडा पाणी पितो आणि त्याच्या धारेने ग्लुटेनची जाळी कापली जाते. ५०० ग्रॅम कणकेला ३८० ते ३९० मिली पाणी. फक्त पीठ आणि पाणी कालवून झाकून ४० मिनिटं सोडून द्या, मग यीस्ट, मीठ, तेल. तेवढ्यात कोंडा भिजून मऊ पडतो आणि मळायचं कामही निम्मं होतं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच सैल, हाताला चिकटणारं दिसेल. घाबरून पीठ भुरभुरवू नका, तेलाचा हात घ्या.

टिनमध्ये दुप्पट होईस्तोवर थांबायचं नाही, दीडपट झालं की भाजा. भट्टीत शिरल्यावर कणकेच्या ब्रेडची उडी लहानच असते. शेजारच्या गिरणीतून सकाळी दळलेलं गरम पीठ लगेच वापरू नका. ते ४० च्या वर असतं, आणि वर वाशीकरांनी मांडलेला हिशोब मग पुन्हा बिघडतो.

गिऱ्हाइकाला हलका हवा असेल तर ६० टक्के कणीक, ४० टक्के मैदा. पण मग लेबलवर तसंच लिहा. '१००% गव्हाचा' म्हणायचं नाही.

---

पिठाचे_हात

सगळ्यांचे आभार. आत्ताच मळलेलं पीठ मोजलं, ३३ निघालं. कोमट पाणी आजपासून बंद. रोपची परीक्षा केली, धागे आले. ब्रेड टाकला, घेतलेल्या घरांना फोन केले.

आणखी दोन. गार्लिक रोलमध्ये किसलेला लसूण पिठातच घालते, ते पीठ नेहमी सैल आणि आळशी असतं, का? आणि वरून अंड्याचा हात लावते, लेबलवर काय?

---

रव्याची_चाळणी (नेरुळ)

कच्च्या लसणातली गंधकाची द्रव्यं यीस्टला दाबतात आणि ग्लुटेन सैल करतात, म्हणून. लसूण पिठात नको, बटरमध्ये. ५०० ग्रॅम मैद्याला १०० ग्रॅम मऊ बटर, ३० ग्रॅम लसूण मंद आचेवर दोन मिनिटं परतून पूर्ण गार केलेला, चिमूटभर मीठ. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पूर्ण सुकवून मग चिरा, नाहीतर पाणी सुटून गुंडाळीचे थर उलगडतात. पीठ आयतात ४० बाय ३० सेंमी लाटा, लांब बाजूकडून घट्ट गुंडाळा, दोऱ्याने १२ तुकडे. सुरीने दाबून कापले की पापुद्रे मिटतात. चीज घालणार असाल तर काठापासून दोन सेंमी आत ठेवा, बाहेर आलं की ट्रेला करपतं.

अंडं लावलं की हिरवा ठिपका चालत नाही, मांसाहाराची खूण लागते. त्यापेक्षा दूध लावा, आणि बाहेर काढल्या काढल्या बटरचा ब्रश. रंग थोडा कमी येईल, पण अर्ध्या सोसायटीला पाव देता येईल. बाकी लेबलवर घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, भाजल्याची आणि खाण्याची शेवटची तारीख, गहू आणि दूध असल्याची सूचना आणि एफएसएसएआयचा (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी नोंदणी क्रमांक. नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर घरबसल्या होते, दुकान असावं लागत नाही.

---

भट्टी_वाशी

विजेचं कोणी बोललं नाही. १६०० वॅटचा ओटीजी ६.४० ते ९ चालला की थर्मोस्टॅटची उघडझाक धरून अडीच ते तीन युनिट जातात. ४५ पावांवर वाटून घ्या आणि दरात धरा. महावितरणने ऐन साडेसातला लाईट घालवली तर आत असलेल्या ट्रेचं दार उघडू नका, साठलेल्या उष्णतेत पाच-सात मिनिटं निभतात. बाहेर फुगत असलेले सगळे ट्रे तेवढ्यात फ्रिजमध्ये सरकवा. त्यासाठी शुक्रवारी रात्रीच एक कप्पा रिकामा ठेवा.