रोवणीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा उठणारे गजकर्ण

प्रश्न (लाखांदूर तालुका, भंडारा)
नमस्कार. धानाची रोवणी सुरू झाली की दिवसभर बांधीतल्या चिखलात ओल्या कपड्यांनी राहावे लागते, आणि गेल्या दोन पावसाळ्यांपासून माझ्या जांघेत व कमरेवर गजकर्णाचे चट्टे उठत आहेत. दुकानातून आणलेले मलम लावले की दोन दिवसांत खाज थांबते. बंद केले की पहिल्यापेक्षा मोठा चट्टा येतो. आता धाकट्या मुलाच्या कमरेवरही तसाच गोल चट्टा दिसतो आहे. हा रक्तातील दोष आहे, असे सासूबाई म्हणतात. काय करावे?

उत्तर (डॉक्टर, नागपूर)
ताई, रक्ताचा यात काही संबंध नाही. ट्रायकोफायटन जातीची बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते, आणि घाम व ओल मिळाली की फोफावते. मला काळजी वाटते ती तुमच्या मलमाची. नळीवरची बारीक अक्षरे वाचून पाहा. तिथे क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन लिहिले असेल, तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली आणि खाज दबते, परंतु बुरशी मरत नाही, उलट पसरते, आणि जांघेतील नाजूक कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटतात. ते थांबवल्यावर काही दिवस खाज वाढेल, तरी पुन्हा लावू नका. डॉक्टरांना दाखवून नुसते बुरशीनाशक मलम घ्या आणि ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अंतरापर्यंत, चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे लावा. चट्टे बरेच असतील तर पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. गरोदर असाल किंवा यकृताचा त्रास असेल, तर ते आधी सांगा.

उत्तर (आशा कार्यकर्ती, आरमोरी तालुका)
मुलाच्या कमरेला करदोडा असेल तर तूर्त काढून ठेवा, कारण तो दिवसभर ओला राहतो आणि चट्टा नेमका त्याच्याच खाली वाढतो. घरातील ज्यांना ज्यांना खाज आहे, त्या सर्वांचा उपचार एकाच वेळी करा, नाहीतर एकाचे बरे होईपर्यंत दुसऱ्याकडून ते परत येते. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा, आणि पावसाची झड लागली तर चुलीजवळ पूर्ण सुकल्याशिवाय घालू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर
नळी पाहिली. क्लोबेटासॉलच लिहिलेले आहे, आणि तेच मी मुलालाही लावत होते. आजपासून बंद केले. सोमवारी दोघेही ग्रामीण रुग्णालयात जातो. नळी सोबत नेते.