शनिवारचं चायनीज आणि शुगर: दुधीच्या नूडल्सचं पाणी पाणी का होतं?

मोगरा७२

नमस्कार मंडळी. राहणार ठाणे. मार्चमध्ये ह्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ७.९ आलं. तेव्हापासून पोळ्या दोनावर आल्या, भात रविवारपुरता उरला, चहातली साखर गेली. सगळं निमूट सोसलं. घोडं अडलंय ते शनिवारी. लग्न झाल्यापासून आमच्याकडे शनिवारी रात्री गॅस पेटत नाही, कोपऱ्यावरच्या गाडीवरून हक्का नूडल्स येतात. तेवीस वर्षांचा रिवाज आहे. तो मोडला तर माणूस मनातून खचेल, असं माझं मत. (ते म्हणतात, "मी कुठे काय म्हणतोय?" आणि टीव्हीकडे बघत बसतात.)

म्हणून घरीच कमी कार्बचं काहीतरी करायला घेतलं. व्हिडिओत झुकिनी दाखवतात, आमच्या भाजीवाल्याकडे ती कधी असते, कधी नसते. म्हटलं दुधी काय वाईट? जाड किसणीवर लांब लांब किसला, भाज्या परतल्या, त्यात दुधी, मीठ, सॉस, सगळं एकदम घातलं. पाच मिनिटांत कढईत तळं! लेकीने बशी पुढे केली आणि विचारलं, "आई, चमचा देतेस का?"

काय चुकलं? आणि ते नाचणीचे, मिलेटचे नूडल्स मिळतात ते चालतील का? शिराताकी म्हणून पण काहीतरी असतं म्हणे. कुणी खाल्लंय का?

तिरफळ

दुधी कशाला, कोबी घ्या की. गाडीवाला तरी काय करतो, अर्धा कोबीच असतो त्यात. एक गड्डा उभा, लांब, बारीक चिरायचा आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं. डोळे मिटून खाल्लं तर नूडल्सच. डोळे उघडे ठेवून खाल्लं तर कोबीची भाजी. 😄

दापोडीकर

ताई, मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त. स्वयंपाक निवृत्तीनंतर शिकलो, तो शुगरमुळेच. त्यामुळे तुमचं तळं मी स्वतः पोहून आलोय.

दुधीत शंभर भागांत पंचाण्णव-शहाण्णव भाग पाणी. मीठ लागलं की ते बाहेर येतंच. तुम्ही ते कढईत येऊ दिलंत, मी चाळणीत येऊ देतो, एवढाच फरक. सोया सॉस म्हणजेसुद्धा मीठच, तो आधी पडला की परतणं संपलं आणि शिजणं सुरू झालं.

दुधी कोवळा, सडपातळ घ्या, साधारण ६०० ग्रॅमचा. चिरल्याबरोबर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, मसाल्यात खपवायचा नाही. कडू दुधी विषारी असतो, माणसं दवाखान्यात पोचतात त्याने. साल काढा, मग सोलाण्यानेच उभ्या लांब पट्ट्या ओढा आणि त्या सुरीने बुटाच्या चपट्या नाडीइतक्या रुंद कापा. किसू नका, किसाचा लगदाच होतो. बिया दिसायला लागल्या की थांबा, मधला भुसभुशीत गाभा आमटीत टाका. पट्ट्यांना अर्धा चमचा मीठ चोळून १५ मिनिटं चाळणीत ठेवा. मग पंच्यात बांधून पिळा. हलक्या हाताने नाही, धुणं पिळतात तसं. पाऊण वाटी पाणी सहज निघतं. ते थालीपीठ भिजवायला घ्या, फक्त त्यात मीठ आहे हे ध्यानात ठेवा.

आता दुसरी गोष्ट, जी व्हिडिओवाले सांगत नाहीत. नुसत्या दुधीने पोट भरत नाही, रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडला जातो. म्हणून माणशी दोन अंडी फेटून तव्यावर पातळ आम्लेट काढायचं, गुंडाळी करून सुरीने तसल्याच नाड्या कापायच्या. दातांखाली जे यायला हवं ते या अंड्याने येतं. अंडं चालत नसेल तर पनीर किंवा टोफू.

लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा. घरच्या शेगडीला गाडीच्या भट्टीचा जोर नाही, तेव्हा चौघांचं एकदम टाकाल तर पुन्हा तळं होईल. दोन घाणे करा. शेंगदाणा तेल, ठेचलेला लसूण भरपूर, आलं, कांदा, ढबू मिरची, श्रावणघेवडा तिरका चिरून. कचकचीत असतानाच काढून ठेवा. मग एकटा दुधी, दीड-दोन मिनिटं, उलथण्याने न दाबता. मग सगळं एकत्र, वरून अंडं, मिरी, कांद्याची पात. गॅस बंद केल्यावर माणशी एक छोटा चमचा सोया सॉस आणि अर्धा चमचा व्हिनेगर. आधीच मिठात मुरलेलं असतं, जास्त ओतू नका. बीपी असेल तर त्याहून कमी. कॉर्नफ्लोअर नको, केचप नको. बाटलीतला शेजवान सॉस घेणार असाल तर मागे साखर किती ते वाचा. मी सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर वाटतो, तेलात परततो, झालं शेजवान.

मिलेट नूडल्सचं पाकीट उलटं करा. शंभर ग्रॅमला कार्ब सत्तरच्या आसपास दिसतील, हक्का नूडल्सइतकेच. बऱ्याच पाकिटांत गहू किंवा मैदाही निघतो. नाव नाचणीचं, काम मैद्याचं. दुधीत शंभराला ३-४ ग्रॅम. हिशोब तुम्हीच करा.

माझं शुगर मोजायचं मशीन सांगतं ते असं: गाडीवरच्या हाफ प्लेटनंतर दोन तासांनी २१२, ह्याच्यानंतर १४१. तुमच्याकडचा आकडा वेगळा येईल, म्हणून मोजा.

एक मात्र विसरू नका. मी ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी घेतो. पहिल्यांदा हा प्रकार केला त्या रात्री पोळी नाही, भात नाही, गोळी मात्र रोजची. साडेअकराला घाम फुटला, हात थरथरायला लागले, मशीनवर ६४. बायकोने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटांनी परत बोटाला टोचलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि वर ओरडले ते वेगळं. जेवणातले कार्ब एकदम उतरवणार असाल तर आधी गोळ्या कुठल्या ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन असेल तर नक्कीच.

सुमिदाकाठी

शिराताकीबद्दल मी सांगते, टोकियोत राहते. इथे ती टोफूच्या शेजारी, पाण्याने भरलेल्या पिशवीत मिळते. कोन्याकू नावाच्या कंदाची असते आणि जपानातला बहुतेक सगळा कोन्याकू गुनमा प्रांतात पिकतो. हा कंद आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ. मोगराताई, तुम्ही ठाण्याच्या, पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळांच्या, त्या रानभाजीच्या जुड्या येतात ना, तीही ह्याच कुळातली. शेवळांची खाज मारायला आपण काकडं नावाची फळं घालतो, इथे कोन्याकूच्या पिठात चुन्याचं पाणी घालून ते घट्ट करतात. पिशवी फोडल्यावर मासळीसारखा वास येतो तो त्या चुन्याच्या पाण्यामुळे. माल खराब नसतो, घाबरू नका.

ती ९७ टक्के पाणी आणि उरलेला बहुतेक चोथा. चाळणीत खळखळून धुवायची, दोन-तीन मिनिटं उकळायची, मग तेलाशिवाय कोऱ्या कढईत परतायची. ओली असेतो कढई चर्र करते, कोरडी झाली की शिराताकीच किंचाळल्यासारखी चुंई चुंई करायला लागते. तो आवाज आला की तयार. कात्रीने दोन-तीनदा कापा, नाहीतर एक धागा संपता संपत नाही. सॉस आत मुरत नाही, बाहेरूनच लागतो, म्हणून लसूण-मिरची जरा चढी हवी.

गोळ्या मात्र ह्याच्याबरोबर लगेच घेऊ नका, हा चोथा पोटात फुगतो आणि औषध अंगी लागायला उशीर होऊ शकतो. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडूनच घ्या.

दापोडीकर

एकदा मागवून खाल्ली. आयुष्यभर बसचे फॅनबेल्ट बदलले, चावायचा योग तेव्हाच आला.

सुमिदाकाठी

काका, कोरडी न परतता खाल्लीत ना? खरं सांगा.

दापोडीकर

...पिशवीवर इंग्रजीत लिहिलं होतं, चष्मा सापडत नव्हता.

मोगरा७२

शनिवारी केलं, काकांच्या पद्धतीने. पंचा मिळेना, म्हणून ह्यांचा जुना सुती लेंगा धुऊन घेतला (त्यांना सांगितलेलं नाही). एवढं पाणी निघेल असं वाटलं नव्हतं. तिरफळ, तुमचा कोबीपण मूठभर घातला, त्याने खरंच भारदस्तपणा आला. दुसरा घाणा पहिल्यापेक्षा चांगला झाला, कढई तोवर नीट तापली होती. पहिला मी खाल्ला.

डॉक्टरांना फोन केला होता. हे फक्त मेटफॉर्मिनवर आहेत, तेव्हा शुगर एकदम पडायची भीती फार नाही म्हणाले, तरी मशीन जवळ ठेवा. दोन तासांनी १४८.

ह्यांनी काटा-चमचा घेतला, दोन घास खाल्ले, जरा थांबले. मी श्वास रोखून. म्हणाले, "नूडल्स नाहीत, पण चायनीज आहे." आणि परत वाढून घेतलं. लेक म्हणते गाडीसारखं हवं तर स्टीलच्या ताटलीला प्लास्टिकची पिशवी लावून दे.

दुधीचं पाणी फ्रिजमध्ये ठेवून रविवारी थालीपीठ केलं. काकांनी सांगूनही मीठ रोजच्यासारखंच घातलं. दह्याबरोबर कसंबसं संपवलं.