मदत हवी आहे: बुटक्या गव्हाची जिबरेलिक चाचणी मुंबईच्या उकाड्यात

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गव्हाचे दोन बुटके वाण मिळालेत. बुटकेपणा नोरिन १० या जपानी बुटक्या गव्हाकडून आलेल्या आरएचटी-१ किंवा आरएचटी-२ या उंची कमी करणाऱ्या जनुकांचा आहे की आरएचटी-८ या तशाच तिसऱ्या जनुकाचा, एवढंच ओळखायचंय. पहिल्या दोघांपैकी कुठलंही जनुक असलं तर रोप जिबरेलिक आम्लाला (रोपाची उंची वाढवणारं संप्रेरक) फारशी दाद देत नाही. आरएचटी-८ वालं मात्र उंच वाणासारखंच ताणतं. कागदावर सोपं आहे!

अडचण अशी की हे औषध, म्हणजे जिबरेलिक, न दिलेली रोपंही लांबतात. घाटकोपरच्या घरात खिडकीशी ट्रे ठेवलाय, उकाडा तर आहेच. पहिलं पान फिकट, दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडतं. मग औषधाने वाढलं की उजेडाअभावी, कसं सांगणार?

जिबरेलिक थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्यात मिसळलं. तुलनेच्या रोपांनाही तेवढंच अल्कोहोल दिलं. उंच वाण शेजारी लावला आहेच. एलईडी ट्यूब जवळ आणल्यावर पानं जरा हिरवी झाली, पण फरक अजून धूसरच. ट्रेच्या जागा बदलून झाल्या.

पीसीआरची (डीएनएवरून जनुक ओळखण्याची) सोय नाही, उजेड-तापमान नियंत्रित ठेवणारं ग्रोथ चेंबर नाही, एसी फक्त रात्री. बी मूठभरच उरलंय, त्यामुळे शेतात लावून बघ असं कृपया सुचवू नका. आरएचटी-१ आणि २ यातून वेगळे कळणार नाहीत, ते चालेल.

ज्यांनी ही चाचणी खोलीत केलीय त्यांनी सांगा: जिबरेलिक किती पीपीएम ठेवायचं, आणि मोजायचं काय, पहिल्या पानाचं आवरण की पूर्ण पातं, आणि कितव्या दिवशी?