राज्य स्पर्धेआधी बॅट-तपासणी: पंक्चर सोल्युशन, हिरवं रबर आणि पुसलेला नंबर

टिळकवाडी_टीटी

नमस्कार मंडळी. बेळगावातली आमची सहा मुलं (१३ आणि १५ वर्षांखालील) पुढच्या महिन्यात टेबल टेनिसच्या राज्य स्पर्धेला बेंगळुरूला जाणार आहेत. सगळ्या बॅटी गोळा करून बघितल्या, तर एकेक प्रश्न निघाला:

एका मुलीच्या बॅटला एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवं रबर आहे. दुकानदार म्हणतो आता रंगीत चालतं.

एकाच्या लाँग पिंपलवरची (लांब दाणे बाहेर असलेलं रबर) मुठीजवळची अक्षरं घासून गेलीत. नंबर वाचता येत नाही.

तिघांच्या बॅटींची रबरं सायकलच्या पंक्चर सोल्युशननं चिकटवलेली आहेत. काढून परत लावायची का?

एकाचा प्लाय (रबराखालची लाकडी फळी) सुतारानं करून दिलेला आहे, मधे कार्बनचं कापड आहे.

आणि तपासणीत नक्की काय मोजतात? घरी काय मोजून जाता येईल? जाणकारांनी सांगावं.

निपाणीचा_चॉपर

हिरवं-लाल आधी बदला. ते चालणार नाही. ऑक्टोबर २०२१ पासून लालच्या जागी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळा घेता येतो, पण दुसरी बाजू काळीच पाहिजे. दुकानदार अर्धंच सांगतो. तिचं हिरवं चांगलं असेल तर ते ठेवा आणि लाल काढून काळं लावा. या नियमामागचं कारण मुलांनाही समजावून सांगा. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची पण वेगळ्या गुणाची रबरं लावून हातात बॅट फिरवायचे, समोरच्याला चेंडू कुठल्या बाजूनं आला ते कळायचं नाही. म्हणून १९८६ पासून एक काळी आणि एक लाल आली.

लाँग पिंपलचं जरा जास्त गंभीर आहे. रबर आयटीटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या) मान्य यादीतलं पाहिजे, आणि आयटीटीएफचं चिन्ह, नंबर, कंपनी आणि रबराचं नाव मुठीच्या बाजूला दिसेल असंच ते लावायचं. अक्षरं गेली की पंचाला ओळख पटवता येत नाही, आणि पिंपलच्या रबराबाबत पंच जास्तच बारकाईनं बघतात. पिंपलची उंची आणि जाडी यांचं गुणोत्तर १.१ च्या वर चालत नाही, आणि अजिबात घर्षण नसलेली गुळगुळीत पिंपल २००८ पासून बंद आहेत. जुनी, घासून गुळगुळीत झालेली शीट दिसली की संशय येणारच. नवी शीट घ्या. भारताची खेळाडू मनिका बत्रा हिचं बघून आपल्याकडची पुष्कळ पोरं बॅकहँडला लाँग पिंपल मागतात, हे चांगलंच आहे, पण शीट मान्य यादीतली बघून घ्या. पिंपल कडक व्हावं म्हणून गच्चीवर उन्हात ठेवायचा प्रकारही कुणी करू देऊ नका. नियमात रबराला भौतिक, रासायनिक किंवा इतर कुठलीही प्रक्रिया चालत नाही, आणि ऊन दाखवणं ही प्रक्रियाच आहे.

जांबोटी_ओलावा

सोल्युशनबद्दल मी सांगतो. होय, काढा की. तिन्ही काढा, आणि आजच.

पंक्चर सोल्युशन हे द्रावकात विरघळवलेलं रबर असतं. द्रावक रबराच्या शीटखालच्या स्पंजात शिरतं, स्पंज फुगतो, वरची शीट ताणली जाते आणि चेंडू जोरात सुटतो. १९७० च्या दशकात युरोपातल्या खेळाडूंना हे सायकलच्या गोंदानंच लक्षात आलं. द्रावकाच्या वाफा आरोग्याला वाईट म्हणून सप्टेंबर २००८ पासून असे गोंद बंद झाले. मुलांना बंद खोलीत ते हुंगत बसू देणं हे स्पर्धेपेक्षाही मोठं कारण आहे. बेबी ऑइल किंवा रॉकेल चोळणं हाही तसलाच प्रकार. तेलानं स्पंज फुगतो, आणि वाफ मोजणाऱ्या यंत्रात पकडला गेला नाही तरी जाडी आणि फुगवटा सांगून जातात.

काढताना एक अडचण येईल. सोल्युशननं ताणून बसलेली शीट प्लायवरून सुटली की आखडते. परत लावलीत तर कडेला २-३ मिमी लाकूड उघडं राहतं. रबर प्लायच्या कडेपर्यंत पाहिजे, फार तर २ मिमीची सूट मिळते. मुठीपाशी बोटं येतात तेवढीच जागा मोकळी ठेवता येते. म्हणून आखडलेली शीट सरावाला ठेवा, स्पर्धेला नवीच.

पद्धत: रबर हळूहळू, प्लायला जवळजवळ समांतर ओढत काढा. वर उचलून ओढलंत तर लाकडाचे पापुद्रे निघतात. प्लायवरचा जुना गोंद अंगठ्यानं रगडून गोळ्या करून पूर्ण काढा, कारण सोल्युशनच्या थरावर पाण्याचा गोंद (द्रावकाऐवजी पाण्यात केलेला) धरत नाही आणि गाठी राहतात. नवं रबर पाकिटातून काढून ७२ तास हवेशीर जागी उघडं ठेवा. कारखान्यातल्या वाफा त्यातच अडकलेल्या असतात, आणि कोऱ्या रबराची बॅट त्यामुळेसुद्धा यंत्रात नापास होऊ शकते. मग पाण्याचा गोंद: स्पंजाला साधारण ४ मिली, प्लायला २ मिली, स्पंजच्या तुकड्यानं एकसारखा पसरवून. दुधी रंग जाऊन पारदर्शक झाला की लावायचं. उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आपल्याकडच्या जुलैत तासभरही लागतो, इकडे जांबोटी-खानापूरकडे तर त्याहून जास्त. घाई केली की मधे पाणी अडकतं आणि दोन दिवसांनी बुडबुडा येतो. मुठीकडून सुरू करून लाटण्यानं हलकं लाटत न्या. जोरानं लाटलं की रबर ताणलं जातं आणि नंतर कडा आत सरकतात. मग वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा, दुसऱ्या दिवशी धारदार कात्रीनं कापा.

पंच_कॅम्प

वर सांगितलंय ते बरोबर आहे. मोजमापाचं मी लिहितो.

मोठ्या स्पर्धांत जाडी, सपाटपणा आणि वाफा तपासतात. वाफांची मर्यादा ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३) आहे. राज्य पातळीवर यंत्र नसलं तरी पंच नजरेनं आणि गेजनं बघतातच.

जाडी: स्पंजवालं रबर, गोंद धरून, एका बाजूला ४.० मिमीपेक्षा जास्त नको. स्पंज नसलेलं नुसतं पिंपल २.० मिमी. पाकिटावर 'मॅक्स' लिहिलेल्या रबरात वरची शीट आणि स्पंज मिळून आधीच मर्यादेच्या अगदी जवळ असतात, त्यात गोंदाचे तीन-चार थर म्हणजे नापास. घरी व्हर्नियरनं मुठीजवळ उघडा प्लाय मोजा, मग पूर्ण बॅट चार ठिकाणी मोजा. प्लाय ६ मिमी आणि दोन्ही बाजू स्पंजवाल्या असतील तर एकूण १४ च्या आत. व्हर्नियरचे जबडे दाबू नका, स्पंज चेपला की खोटा आकडा येतो. आणि एका बाजूला ३.७, दुसऱ्या बाजूला ४.३ असेल तरी बेरीज १४ च भरते, म्हणून कडेनं प्रत्येक बाजू वेगळी बघाच.

सपाटपणा: स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर खळगा, कडांखालून दिसला तर फुगवटा. फुगवटा आला की समजा, गोंद जास्त किंवा तेल.

सामन्याआधी बॅट प्रतिस्पर्ध्याला आणि पंचाला दाखवावी लागते. पंच कन्नडमध्ये 'बॅट तोरिसि' म्हणाले तर मुलांनी गोंधळू नये, बॅट दाखवा एवढाच अर्थ. सामन्यात बॅट बदलता येत नाही, खेळण्यालायक न राहण्याइतकी अपघातानं मोडली तरच. गेमच्या मधल्या विश्रांतीत बॅट टेबलावरच ठेवायची, पाठीवरच्या बॅगेत नाही. मुलं हेच सगळ्यात जास्त विसरतात. सोय असेल तर आधी स्वतःहून तपासून घ्या. त्यात नापास झाली तर दुसरी बॅट वापरता येते, शिक्षा नाही. सामन्यानंतरच्या तपासणीत नापास झाली तर मात्र कारवाई होते. म्हणून प्रत्येकाकडे दुसरी तयार बॅट पाहिजे.

टिळकवाडी_टीटी

सर्वांचे आभार. सुताराच्या प्लायचं तेवढं सांगाल का सर? जाडी ४.५ मिमी भरली.

पंच_कॅम्प

हातानं केलेला प्लाय चालतो. आकार, वजन कितीही असू दे, फक्त तो सपाट आणि ताठ पाहिजे. जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड, म्हणजे ४.५ मध्ये ३.८३ मिमी. कार्बनचा एक थर एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिमी, यातलं जे कमी तेवढाच. तुमच्या प्लायला ७.५ टक्के म्हणजे ०.३४, तेव्हा तीच मर्यादा. सुतारानं कापड जाड गोंदात बुडवलं असेल तर थर सहज अर्धा मिमी होतो. कडेला भिंगानं बघा. काळी रेघ व्हिजिटिंग कार्डापेक्षा जाड दिसली तर तो प्लाय घरीच ठेवा.