'रक्तसाक्षी' आणि 'हुतात्मा' एकच का?

संत सेबास्तियनबद्दल वाचताना एकीकडे 'हुतात्मा' दिसतं, तर ख्रिस्ती लेखनात 'रक्तसाक्षी'. तो रोमन सैनिक होता, मग 'शहीद' चालेल का?

— 'हुतात्मा' होमातून आलेला शब्द. ज्याने स्वतःची आहुती दिली तो. 'रक्तसाक्षी' मात्र ग्रीक 'मार्तुस'ला धरून आहे आणि मार्तुस म्हणजे मुळात न्यायासनापुढचा साधा साक्षीदार. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या 22व्या अध्यायात प्रेषित पौल श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या स्तेफनाला प्रभूचा साक्षी म्हणतो आणि त्याच वाक्यात त्याच्या सांडलेल्या रक्ताबद्दल बोलतो. अरबीतही तेच: शहीद आणि शाहिद एकाच धातूचे.

सेबास्तियनला मी रक्तसाक्षीच म्हणेन, कारण त्याच्या कथेचा सगळा भार साक्षीवर आहे. चित्रांत तो खांबाला बांधलेला, अंगभर बाण, म्हणून बाणांनीच मेला असं वाटतं. पण पाचव्या शतकातली कथा वेगळं सांगते. आयरीन नावाची विधवा प्रेत उचलायला गेली, तर श्वास चालू होता. तिने त्याला घरी नेऊन बरं केलं. रोम सोडून जाणं त्याला सहज जमलं असतं. तो मात्र सम्राट डायोक्लेशियनच्या वाटेत उभा राहिला आणि ख्रिस्ती लोकांच्या छळाबद्दल त्याला तोंडावर सुनावलं. मग सोट्यांनी मारून त्याचा जीव घेतला. कथेत भर पडली असेल, पण 354 सालच्या रोमन दिनदर्शिकेत 20 जानेवारीला त्याचं नाव आणि दफनाची जागा नोंदलेली आहे.

'शहीद' मूळ अर्थाने बसतो. पण आज 'शहीद सैनिक' म्हटलं की रणांगण डोळ्यांसमोर येतं, आणि इथे तर बाण सम्राटाच्याच तिरंदाजांचे होते.

— नावाबद्दल थोडं. गोव्यात हाच संत 'बस्त्यांव', पोर्तुगीज 'सेबास्तियांव'वरून. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये त्याचं कपेल (छोटं प्रार्थनाघर) आहे. ग्रीक 'सेबास्तोस' म्हणजे पूज्य, आणि रोमन सम्राटाच्या 'ऑगस्टस' या पदवीला ग्रीक लोक हाच शब्द वापरत. ज्या पदवीच्या माणसाने त्याला मारवलं, तिचाच शब्द त्याच्या नावात आहे. आज 'सेबास्तियन' म्हटलं की सम्राट कुणालाच आठवत नाही.

— आणि साथीच्या रोगात त्याचा धावा का करतात?

— रोगराई म्हणजे देवाने सोडलेले बाण, ही ग्रीकांची जुनी कल्पना. अपोलोचे बाण लागले की साथ पसरे. बाण सोसून उठलेला माणूस प्लेगच्या काळात युरोपात लोकांना आपला वाटला.