पुण्याला येणारा कमी फॅटचा डेअरी स्प्रेड: ०४०५ २० की २१०६?

प्रेषक: रॉटरडॅम

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या बेकऱ्यांना माल पुरवणारा ओळखीतला एक जण इकडून दोन माल मागवतोय. एकाच्या डब्यावर ‘डेअरी स्प्रेड ३८%’ छापलंय. दुसरा ६०% फॅटचा ब्लेंड, त्यात बटरबरोबर रेपसीड तेल आहे. कारखान्याने दोन्हींच्या प्रोफॉर्मावर (माल पाठवण्याआधीच्या बिलावर) ०४०५ २० हा डेअरी स्प्रेडचा कस्टम टॅरिफ कोड टाकलाय. भारतातही तेच चालेल ना? कंटेनर न्हावा शेवाला अडकला तर पंचाईत.

प्रेषक: पुणे, कस्टम ब्रोकर

दादा,

दोन्हींचं चालणार नाही. तेही वेगवेगळ्या कारणांनी.

पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे ज्या त्या देशाचे. तिकडे युरोपात ०४०५ २० चे फॅटप्रमाणे तीन भाग आहेत, ३९ ते ६० च्या आतला, ६० ते ७५ चा आणि ७५ ते ८० चा. आपल्याकडे सरळ ०४०५ २० ००. पण मुळात माल त्या सहा आकड्यांत बसतो का, हे टॅरिफच्या चॅप्टर ४ ची (दुधाचे पदार्थ वगैरे) नोट ३ ठरवते. (२०२२ मध्ये दह्यासाठी नवी नोट आली, म्हणून जुनी २ नंबरची नोट ३ झाली. जुने निकाल वाचताना गोंधळ होतो तो इथेच.) त्या नोटप्रमाणे डेअरी स्प्रेड म्हणजे पसरता येणारं, तेलात पाणी अशा प्रकारचं इमल्शन (एकात दुसऱ्याचे बारीक थेंब पसरलेलं मिश्रण). त्यात फॅट फक्त दुधाचं हवं आणि ते वजनाने ३९% किंवा जास्त, पण ८०% पेक्षा कमी हवं. यातली एक अट हुकली तरी माल बाहेर.

३८% वाला फॅटच्या अटीवर पडतो. युरोपच्या बाजारनियमांत ३९ च्या खालच्या मालालाही ‘डेअरी स्प्रेड अमुक टक्के’ म्हणायची मुभा आहे. कोडेक्सचं (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचं) मानक तर १०% पासून सुरू होतं. त्यामुळे डब्यावरचं नाव तिकडच्या कायद्याने बरोबर, आणि टॅरिफला त्याचा उपयोग शून्य. तो जाईल २१०६ ९० मध्ये (इतरत्र न बसणारे खाद्यपदार्थ), आपल्याकडे बहुधा २१०६ ९० ९९.

ब्लेंडमध्ये ६०% फॅट असलं तरी रेपसीड आलं की ‘फक्त दुधाचं’ ही अट मोडली. आता तो १५१७ मध्ये (मार्गारीन आणि तेलांची खाद्य मिश्रणं) का नाही? चॅप्टर १५ च्या पहिल्याच नोटमध्ये आहे की ०४०५ मधले पदार्थ वजनाने १५% पेक्षा जास्त असलेली खाद्य मिश्रणं त्या चॅप्टरमध्ये येत नाहीत. ब्लेंडमध्ये बटर त्याहून बरंच जास्त असणार, म्हणजे तोही २१०६. तुमच्याकडचं हाल्वारिन (कमी फॅटचं मार्गारीन) मात्र वनस्पती तेलाचं, ते १५१७.

ड्यूटीची बेरीज अशी असते: मूळ ड्यूटी, तिच्यावर १०% समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्यासकट किमतीवर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी). केवळ हिशेब कळावा म्हणून मूळ दर ४०% धरा. १०० रुपयांच्या मालावर ४० अधिक ४, झाले १४४. त्यावर ५% आयजीएसटी म्हणजे ७.२०. एकूण कर ५१.२०. डेअरी स्प्रेडवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ झाला. जुन्या एक्सेल शीटमध्ये अजून १२ च असतो, तेवढा बदलून घ्या. मूळ दर मात्र बिल ऑफ एंट्री (कस्टमकडचं आयातीचं घोषणापत्र) ज्या दिवशी सादर होईल त्या दिवशीचा लागतो, आणि बिल जहाजाच्या आधी भरलं असेल तर जहाजाच्या एंट्री इनवर्डच्या (कस्टमने माल उतरवायला परवानगी दिल्याच्या) दिवशीचा. तो त्याच वेळी बघायचा, सहा महिने आधीच्या कोटेशनमधला धरायचा नाही.

प्रेषक: कोपनहेगन

काका, थोडं खेचून बघतो. ३८% वाल्याच्या डब्यामागच्या पोषणाच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमला फॅट ३९ ग्रॅम लिहिलंय असं समजलं. मग ३९ झालेच की. तेच दाखवून ०४०५ मागता येणार नाही का?

प्रेषक: पुणे, डेअरी टेक्नॉलॉजी

नमस्कार,

हा तक्ता दाखवूनच लोक अडकतात. युरोपच्या मार्गदर्शनाप्रमाणे १० ग्रॅमच्या वरचं फॅट जवळच्या पूर्ण ग्रॅमला लिहायचं, म्हणजे ३८.६ सुद्धा ३९ छापतात. शिवाय १० ते ४० ग्रॅमच्या टप्प्यात तपासणीला २०% इकडेतिकडे चालतं. म्हणजे ३२ असो की ४६, ‘३९’ हा छाप कायदेशीरच राहतो. सीमारेषेवरच्या मालासाठी तो पुरावा म्हणून कुचकामी आहे.

दुसरं, तो आकडा एकूण फॅटचा आहे. कमी फॅटच्या स्प्रेडमध्ये पाणी धरून ठेवायला मोनो आणि डायग्लिसराइड म्हणजे ई ४७१ घालतात, आणि ते सहसा वनस्पती तेलापासून बनतं. इमल्सिफायर, जिलेटिन, स्टार्च, मीठ, व्हिटॅमिन, रंग हे सगळं डेअरी स्प्रेडमध्ये चालतं. त्यामुळे ई ४७१ आहे एवढ्यावरून माल बाद होत नाही. पण प्रयोगशाळेत ईथरने फॅट काढलं की ते त्यात मोजलं जातं. रिपोर्टमध्ये फॅट ३९.२ आणि रेसिपीत ई ४७१ अर्धा टक्का असेल, तर दुधाचं फॅट ३८.७ च्या आसपास. तिथेच केस गेली. म्हणून कारखान्याकडून ‘फॅट’ न मागता ‘दुधाचं फॅट, वजनाने, पूर्ण मालावर’ असं लिहून घ्या. ‘पूर्ण मालावर’ हे शब्द हवेतच, कारण काही स्पेसिफिकेशनमध्ये फॅट कोरड्या अंशावर देतात. ५२% पाणी असलेल्या ३९% च्या स्प्रेडमध्ये कोरड्या अंशावरचं फॅट ८१% येतं, आणि इकडचा अधिकारी विचारतो की मग हे बटर का नाही.

फॅट दुधाचंच आहे हे तपासायला ट्रायग्लिसराइडची गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्या, आयएसओ १७६७८ प्रमाणे. सोबत बीटा-सिटोस्टेरॉल (वनस्पती तेलात असणारा घटक) बघितलं की वनस्पती तेल लपत नाही. जुनी आरएम व्हॅल्यू (रायशर्ट-माइसल, दुधाच्या फॅटची जुनी चाचणी) अजून मागतात, पण थोड्या भेसळीला ती आंधळी असते. ब्युटिरिक आम्लावरून दुधाचं फॅट उलटं मोजायचा मोह टाळा. ते आम्ल ऋतू आणि चाऱ्याप्रमाणे बदलतं, ३९ च्या काठावर तेवढी अचूकता त्यातून मिळत नाही.

इमल्शनचा प्रकार गोदामातही कळतो. सुपारीएवढा गोळा ग्लासभर गार पाण्यात टाकून चमच्याने हलकं ढवळा. तेलात पाणी असेल तर गोळा तसाच राहतो, पाणी जवळपास स्वच्छ दिसतं. पाण्यात तेल असेल तर पाणी दुधाळ होतं. फॅट भरपूर असूनही क्रीम आणि क्रीम चीज ०४०५ मध्ये येत नाहीत, कारण ती या दुसऱ्या प्रकारची. शंका राहिली तर कंडक्टिव्हिटी मीटर लावा. तेलात पाणी असेल तर वीज जवळपास वाहतच नाही.

प्रेषक: रॉटरडॅम

ताई, काका, कळलं. कारखाना ४१% चा प्रकारही बनवतो. तो घेतला तर?

प्रेषक: पुणे, कस्टम ब्रोकर

घ्या. ४१ मध्ये श्वास घ्यायला जागा आहे, नेमक्या ३९ च्या मालाच्या मागे लागू नका. पण कंटेनर भरायच्या आधी रेसिपीचा टक्केवारीसह तक्ता, प्रक्रियेचा एक पानी आराखडा आणि त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट हातात हवा. पहिलाच माल असेल आणि पुढे नियमित येणार असेल, तर मुंबईच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (माल येण्याआधीच कोडचा निकाल देणारं) अर्ज टाका. आयातदाराचा आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) लागतो, फी १०,००० रुपये. कायद्याप्रमाणे निकाल तीन महिन्यांत आणि तो तीन वर्षं चालतो, मध्ये कायदा किंवा माल बदलला नाही तर. अर्जात ई ४७१ चा आकडा लपवू नका. माल अर्जासारखा निघाला नाही तर रूलिंगचा उपयोग नाही.

रूलिंग नसताना अधिकाऱ्याने नमुना काढला तर कस्टम कायद्याच्या कलम १८ खाली तात्पुरती असेसमेंट (ड्यूटी ठरवणं) मागा आणि बाँड भरून माल सोडवा. रिपोर्टची वाट बघत रीफर (थंड कंटेनर) प्लगवर उभा ठेवला तर भाडं ड्यूटीच्या फरकाला गिळतं. रीअसेसमेंट (अधिकाऱ्याने नव्याने ठरवलेली ड्यूटी) मान्य नसेल तर ते लेखी कळवा. मग १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो, आणि त्यावर ६० दिवसांत अपील.

दुधाचा माल, म्हणून पशुसंवर्धन विभागाचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट आणि हेल्थ सर्टिफिकेट हवं. तो कारखाना एफएसएसएआयकडे (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदलेला आहे का तेही विचारा. शेल्फ लाइफ उतरताना ६०% किंवा तीन महिने, यांतलं जे कमी तेवढी शिल्लक हवी. १८० दिवसांच्या मालाला तीन महिने, १२० दिवसांच्या मालाला ७२ दिवस.

प्रेषक: पुणे, डेअरी टेक्नॉलॉजी

एक राहिलं. बुकिंग करताना फॉरवर्डर (मालवाहतूक ठरवणारा एजंट) सवयीने बटरसारखं उणे १८ टाकतो. कमी फॅटचा स्प्रेड गोठला की इमल्शन फुटतं, वितळल्यावर डब्यात पाण्याचे मणी दिसतात. अशा डब्याच्या वरच्या थरातून नमुना काढला तर फॅटचा आकडा भलताच येतो, ४१ चा माल ३९ च्या खालीही दिसू शकतो. कारखान्याने दिलेलंच तापमान लिहा, साधारण २ ते ६ अंश. नमुना घट्ट झाकणाच्या बरणीत ३५ अंशांपर्यंतच कोमट करून, हलवत एकजीव करून मगच मोजायला द्यायचा, असं टेस्ट मेमोसोबतच्या (नमुना लॅबला पाठवतानाच्या कस्टमच्या कागदासोबतच्या) पत्रात लिहून ठेवा.