फुकटच्या दिवाळी पहाटेने तिकिटाचा हंगाम खाल्ला

(एक लेख आणि त्यावरचे प्रतिसाद; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तिसरी रांग

कोजागरीचं दूध आटलं की पुण्यात गाण्या-नाटकाचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरात सवाईचा (सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा) मंडप उतरला की संपतो. आपल्या रंगभूमीचे दोन्ही वाढदिवस याच दिवसांतले: विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं 'सीतास्वयंवर' ५ नोव्हेंबर १८४३ चं, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात पहिल्यांदा उभं राहिलं ते ३१ ऑक्टोबर १८८० ला. असल्या हंगामाची आज वाट लावली आहे ती फुकटच्या दिवाळी पहाटेने, म्हणजे दिवाळीत भल्या सकाळी होणाऱ्या गाण्याच्या कार्यक्रमांनी.

चार दिवस जिकडे तिकडे पहाट. बागेत पहाट, मैदानावर पहाट, सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा पहाट. मंचामागे इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, गायकापेक्षा मोठा. यंदा पाडव्याला गेलो होतो. गायिकेने नाट्यपदाची पहिली ओळ उचलली, टाळ्या पडल्या आणि पाहुणे आले म्हणून तिला थांबवून सत्कार! शाल, श्रीफळ, मग पुन्हा "हं, करा सुरू". शेजारचे काका म्हणाले, "सकाळी तीन तास फुकट ऐकल्यावर नाटकाला चारशे कोण घालणार?" त्याच दिवशी ५.३० च्या प्रयोगाला गेलो तर बाल्कनीत दिवेसुद्धा लावले नव्हते.

माझं म्हणणं सरळ आहे. पहाटेला तिकीट लावा. ५० रुपये लावा, पण लावा. फुकट मिळतं त्याच्याकडे लोक पाठ फिरवून बसतात.

उंबरा

दादा, तुमचा राग सत्काराचा आहे आणि काढताय तिकिटावर.

माझी आई चार घरी पोळ्या करायची. बालगंधर्व रंगमंदिरावरून बस रोज जायची, पण आत कधी पाय ठेवला नव्हता. पहिल्यांदा नाट्यसंगीत ऐकलं ते अशाच एका मैदानातल्या पहाटेला, अंगावर शाल, मांडीवर मी. तिकीट असतं तर ती आत आली नसती, आणि ते ५० रुपयांमुळे नव्हे. दारावर उभा राहून तिकीट बघणाऱ्या माणसामुळे. "आपलं नाही ते" असं वाटायला एवढं पुरतं. पुढे मी सवाईला भारतीय बैठकीचं तिकीट स्वतःच्या पगारातून काढलं. तेव्हा फुकटने गिऱ्हाईक खाल्लं की पैदा केलं, ते तुम्हीच ठरवा.

पडद्यामागे

नाटकाच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. तिसरी रांग, तुम्ही पाडव्याची संध्याकाळ बघून निकाल लावलात? पाडव्याला संध्याकाळी ओवाळणी असते हो! ५.३० ला कोणती बाई नवऱ्याला ओवाळायचं सोडून नाटकाला येईल, आणि कुठला नवरा आणेल? त्या दिवशी बाल्कनी आमच्या आजोबांच्या काळातही रिकामीच असणार. उलट भाऊबीजेला रात्रीचा ९.३० चा प्रयोग बघा. बहीण, भावजय, जावई, चार पोरं, एकेक कुटुंब अख्खी रांग मागतं. प्लॅन (तिकीटविक्री) उघडला की दोन दिवसांत मधल्या रांगा साफ. तिथून शाळा सुरू होईपर्यंत आमची सुगी.

आमचं पोट मारतात ते वेगळेच. एक म्हणजे पास. पुढच्या दोन रांगा "साहेबांच्या" म्हणून धरायच्या, साहेब यायचे नाहीत, आणि पडदा वर गेल्यावर नटासमोर बारा रिकाम्या खुर्च्या. दुसरं म्हणजे मालिकेचं शूटिंग. नटाची तारीख आहे तर नाट्यगृहाची नाही, नाट्यगृहाची आहे तर नट मुंबईत अडकलेला. पहाट बिचारी सकाळी नऊला आटोपते, तिचा आमच्याशी काय संबंध?

तिसरी रांग

ओवाळणीचा मुद्दा मान्य. लक्षातच आलं नाही (एकटा राहतो). पण फुकट ते फुकटच.

ठाय लय

तुम्ही पैशावर भांडताय आणि वेळ गेली त्याचं कुणाला काहीच नाही.

ललत हा राग सूर्योदयाच्या आधीचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. दिवाळीत पुण्यात सूर्य उगवतो साधारण साडेसहाला. म्हणजे नियम पाळला तर पहाटेच्या हातात उरतो अर्धा तास. त्यात दीपप्रज्वलन, निवेदकाची चारोळी, गणपतीचं एक पद, प्रायोजकाचं मनोगत. ललतची खूण असलेले दोन मध्यम लागेपर्यंत समोरच्या इमारतीच्या काचेवर ऊन! मग काय, उजाडल्यानंतरच्या अहिर भैरववर भागवायचं.

रात्रीचं तर विचारूच नका. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ सवाईचा उत्सव सुरू केला, पुढे रमणबाग शाळेच्या मैदानात तो रात्ररात्र चालायचा. दरबारी दरबारीच्या वेळेला, मालकंस मालकंसाच्या, आणि उजाडताना भैरवी. आता दुपारी मंडपात बसा आणि एखादा दिवस सोडला तर दहाच्या आत घरी जा. पन्नाशीच्या आतल्या किती जणांनी अडाणा समोर बसून, त्याच्या वेळेला ऐकलाय? दुपारचे भीमपलास, मुलतानी मात्र आता चांगले कानावर पडतात, तेवढं श्रेय देतो.

चौथा मजला

रमणबागेच्या मागच्या गल्लीत वाढलोय. बारावीला होतो तेव्हा रात्री दोनला द्रुत तराणा ऐकत रसायनशास्त्र केलंय, म्हणून बोलायचा हक्क आहे. घरात आजारी आजी होती. तिला अडाणा नको होता, झोप हवी होती. आणि रात्रभर ऐकणाऱ्यांचं फार कौतुक सांगू नका. तीन वाजता निम्मा मंडप गोधडीत घोरायचा, उरलेला चहाच्या स्टॉलपाशी "या वर्षी मजा नाही" म्हणत उभा. मन लावून ऐकणारे होते, नाही असं नाही, पण ते एका नाट्यगृहात मावले असते.

ठाय लय

मग मावू द्या ना! तेच म्हणतोय. त्या नियमात बंदिस्त सभागृहाला सूट आहे. म्हणून तर ९.३० चं नाटक बारा वाजून गेले तरी चालू असतं आणि कुणी पोलीस बोलावत नाही. मंडप मंडपाच्या जागी राहू दे. पण मार्गशीर्षातली एक रात्र, एक नाट्यगृह, दहा ते सहा, तीनच कलाकार. आणि तिकीट लावा, तिसरी रांग खूश.

पडद्यामागे

म्हणायला सोपं. रात्री कर्मचारी कोण देणार? वातानुकूलन रात्रभर चालवायचं भाडं कोण भरणार? ९.३० चा प्रयोग वीस मिनिटं लांबला तरी दिवे घालवायला माणूस येऊन विंगेत उभा राहतो. आणि रात्रीच्या नाटकाची तारीख तुम्ही घेतलीत की आमची सुगी गेली, हे विसरू नका.

हातोडी

एक बारीकशी गोष्ट, तबलेवाल्याकडून. पहाटेला उघड्यावर दव असतं. पुडी (तबल्याचं कातडं) दमट होऊन सैल पडते, तबला सुरातून उतरतो. तंबोऱ्याच्या तारा गारठ्याने आखडतात, तंबोरा चढतो. दोघं दोन दिशांना. तंबोरा उतरवून घेता येतो, पण तबला घरी खोलीत लावून आणला आणि तसाच बागेत उघडला तर पहिलं पद संपेस्तोवर गट्ठे (तबला चढवायचे लाकडी ठोकळे) ठोकत बसायचं. निदान अर्धा तास आधी वाद्यं मंचावर उघडू द्या म्हणून आम्ही दर वर्षी मागतो. मंच रिकामा नसतो. त्यावर रांगोळी चालू असते.

ज्यांना तिकीट हवंय आणि ज्यांना नको, त्यांनी दोघांनी मिळून आधी हे करा.

उंबरा

हातोडी, 🙏. पैशाचं म्हणाल तर आमच्या देवळात कीर्तन व्हायचं. दारावर कुणी नसायचं. शेवटी आरतीचं ताट फिरायचं. आई त्यात कधी रुपया टाकायची, कधी नुसती निरांजनावरून हात फिरवून डोळ्यांना लावायची. बुवांनी कधी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पहाटेला हे का नाही चालणार?

तिसरी रांग

ताई, ताटाला माझी हरकत नाही. तिकीटच पाहिजे असा हट्ट नाही, लोकांनी खिशात हात घालावा एवढंच. पुढच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पहाटेला सुचवून बघतो. सेक्रेटरी ओळखीचे आहेत.

पडद्यामागे

सुचवा. फक्त ताटावर उमेदवाराचा फोटो चिकटवलेला निघाला तर इथे येऊन सांगा.